ओडेट मिशोचा राजीनामा

१

ओडेट मिशोची सही खरी होती, आणि सगळा घोळ तिथेच होता.

सही खोटी असती तर ग्वेन टेरियोला दोनशे मैल गाडी हाकत नदीकाठच्या या गावात यावंच लागलं नसतं. हस्ताक्षराच्या जाणकाराने दोन ओळींचा अहवाल दिला असता आणि प्रकरण मिटलं असतं. पण ओडेटने चष्मा डोळ्यांवर चढवला, पत्राची प्रत खिडकीपाशी नेऊन पाहिली आणि ती सरळ म्हणाली,

"सही माझीच आहे. नाही कशाला म्हणू? पण हे पत्र मी जन्मात पाहिलेलं नाही."

पत्र चार ओळींचं होतं. बर्चलाइन या बटाट्याच्या कारखान्यातली पट्ट्यावरचे तुकडे तपासण्याची नोकरी आपण स्वेच्छेने सोडत आहोत, कंपनीविरुद्ध आपली तक्रार नाही, एवढंच. वर तारीख ०३/०२. खाली उजव्या कोपऱ्यात ती सही, शेपटीला गोल वेटोळं असलेली.

ग्वेन राज्याच्या बेकारी भत्त्याच्या खात्यात तपासनीस होती. वय एकसष्ट, पायांत गुडघ्यापर्यंतचे बर्फाचे बूट, आवाज खर्जातला. मालक कामगारांच्या नावाने कर भरतात का, माणूस कमी करताना त्याला कारण लिहून देतात का, हे पाहणं तिचं काम. पंचवीस वर्षांपूर्वी बुटांचा कारखाना बंद पडला तेव्हा तिनेच सहा महिने हा भत्ता घेतला होता. तेव्हापासून 'खैरात' हा शब्द कोणी काढला की तिचं डोकं फिरायचं.

"तुम्ही अर्ज केलात पाच फेब्रुवारीला," ती फाइल चाळत म्हणाली. अर्जावर ०२/०५ अशी तारीख होती. "कारण लिहिलंत, काम संपलं म्हणून मालकाने घरी बसवलं. कंपनीचं उत्तर आमच्याकडे आलं बाराला. त्यांचं म्हणणं, बाई स्वतःहून गेल्या. सोबत हे पत्र."

"आणि तुमच्या लोकांनी मला खोटारडी ठरवलं."

"अजून नाही ठरवलं. शुक्रवारी सुनावणी आहे." ग्वेनने आवाज खाली आणला. "पण हे पत्र टिकलं तर भत्ता जाईलच. शिवाय खोटा अर्ज केला म्हणून पुढचं वर्षभर दार बंद. ते तुम्हाला माहीत असलेलं बरं."

ओडेट उठून चुलीपाशी गेली. कुट्टूच्या पिठाच्या पिवळ्या पोळ्या, म्हणजे प्लॉय, तव्यावर फुलत होत्या. तिने एक पोळी पाहुणीच्या ताटलीत टाकली आणि काकवीची बरणी पुढे सरकवली.

"एकोणीस वर्षं मी त्या पट्ट्यापाशी उभी राहिले. काळा डाग असलेला एक तुकडा माझ्या हातून सुटला नाही. आता कनेक्टिकटला मुलगी बोलावतेय, घर विक आणि ये म्हणतेय. पण गावात लोक काय म्हणतील? खोटेपणा पकडला म्हणून पळाली?"

"तीन फेब्रुवारीला नक्की काय झालं?"

"सकाळी सहाला नोएलाचा फोन आला. नोएला सिरवा, ऑफिस तीच सांभाळते. म्हणाली, ओडेट, आज येऊ नकोस, तुझी लाइन बंद केलीय, पुढचं कळवतील. बस. कागद नाही, चिठ्ठी नाही."

"गेल्या काही महिन्यांत कंपनीत कशाकशावर सह्या केल्यात?"

"पगाराच्या कागदावर. सुरक्षेच्या वर्गाच्या वहीत. नव्या बिल्ल्यासाठी. एकाच्या वाढदिवसाच्या कार्डावर. झालं." ओडेट खुर्चीत बसली. "पण तुम्ही नोएलालाच का विचारत नाही? ती खोटं बोलायची नाही. माझ्या मुलीची धर्ममाता आहे ती. पहिलीपासून एका बाकावर बसलोय आम्ही."

ग्वेनने हातातला घास खाली ठेवला. हे सांगणं तिला टाळता आलं असतं तर तिने टाळलं असतं.

"बाई, कंपनीचं उत्तर नोएला सिरवाच्याच नावाने आलंय. त्यात लिहिलंय, ओडेट मिशोने माझ्या देखत सही केली."

तव्यावरची पोळी करपली. ती उतरवायचं भान दोघींनाही राहिलं नाही.

२

बर्चलाइनच्या फाटकापाशी तेलाचा आणि उकडलेल्या बटाट्याचा वास एकदम अंगावर आला. मार्चचा मध्य उलटला तरी आवारात राखाडी बर्फाचे ढीग होते.

व्यवस्थापक रेमी कॉर्मिए स्वतः दाराशी आला. अडतिसाव्या वर्षीही कॉलेजातल्या पोरासारखा दिसणारा, हसरा, मालकाचा जावई. त्याने स्वतःच्या हाताने तिचा पास लिहिला: १८/०३, ग्वेन टेरियो, कार्यालय. तो तिच्या कोटाला अडकवत म्हणाला,

"हॉकी सोडून कशावरही बोला. मी नदीपलीकडचा, कॅनडातला. इथे लग्न करून आलो तरी आमची टीम हरली की सासरे दोन दिवस चिडवतात."

"मी मिशोबाईंच्या पत्राबद्दल आलेय."

"वाईट वाटतं हो. चांगली बाई. आम्ही तिला सकाळची पाळी देत होतो, तिने रागाने चिठ्ठी टाकली. आता पस्तावली असेल, म्हणून हा अर्ज."

"चिठ्ठी दिली तेव्हा तुम्ही होतात?"

"मी नाही. नोएला होती. उत्तरात लिहिलंय ना तिने?"

मालक रोलंड हॅस्केल आतल्या खोलीत बसला होता. चौऱ्याहत्तरीचा, चौकड्यांचा लोकरी शर्ट घातलेला, हात किंचित थरथरणारे. त्याने ग्वेनला बसायलाही सांगितलं नाही.

"आमच्या बापाच्या वेळेपासून इथे एकालाही विनाकारण हाकललेलं नाही. तुम्ही सरकारी माणसं येता आणि मालक म्हणजे चोर असं धरूनच चालता."

"मी काहीच धरून चाललेली नाही, मिस्टर हॅस्केल. कामगार कमी केला की कारणाची चिठ्ठी त्याच्या हातात द्यावी लागते. ओडेटला ती का मिळाली नाही?"

"ती स्वतः गेली म्हणून! रेमीने सांगितलं मला." म्हाताऱ्याने समोरची फाइल बाजूला सारली. "एकोणीस वर्षं होती ती. साधं 'येते' सुद्धा म्हणाली नाही. माझ्या मनाला लागलं ते."

ग्वेनला त्याचा राग खरा वाटला. दुखावलेल्या माणसाचा राग होता तो. पण दुखावलेली माणसंही कर वाचवतात, हे तिने पुष्कळदा पाहिलं होतं. बेकारी भत्त्याच्या कराचं गणित असं, की जितकी माणसं मालक घरी बसवेल तितका पुढच्या वर्षी त्याचा दर चढतो. माणूस आपण होऊन गेला तर दर तिथेच राहतो.

"कारखाना विकताय असं ऐकलं."

"आयडाहोची कंपनी आहे. तीस एप्रिलला सह्या. ते कारखाना चालू ठेवणार आहेत, मी तसं वचन घेतलंय." म्हाताऱ्याने जावयाकडे पाहिलं. "रेमीने घेतलंय."

"मला राजीनाम्याचं मूळ पत्र हवंय. आमच्याकडे प्रत आहे."

मग रेमी हसून म्हणाला, "अवश्य. नोएला देईल."

कागद हातात येताच ग्वेनने तो खिडकीसमोर धरला. प्रतीत एक शब्द पुसट दिसत होता, यंत्राची शाई संपली असेल असं तिला वाटलं होतं. आता मूळ कागदात उजेड आरपार आला आणि तिला दिसलं की त्या शब्दावर कागद तेलकट होता. स्पष्ट, गोल, अंगठ्याएवढा डाग. आणि त्या डागावरच छपाईची काळी भुकटी धरली नव्हती. अक्षरं खपलीसारखी सुटली होती.

तो शब्द होता 'स्वेच्छेने'.

ग्वेनने कागद पाकिटात घातला. छापलेल्या पत्राला नंतर तेलकट हात लागला असता तर अक्षरं डागाखाली शाबूत राहिली असती. इथे डाग आधी होता, आणि मजकूर त्यावर नंतर छापला होता.

३

नोएला सिरवाच्या टेबलावर डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या दोन बाटल्या होत्या. ती ग्वेनकडे बघत नव्हती. काचेच्या भिंतीपलीकडे रेमी फोनवर बोलत होता आणि अधूनमधून त्याची नजर इकडे वळत होती.

"ओडेट कशी आहे?" नोएलाने पुटपुटत विचारलं.

"तुम्ही फोन करून विचारलं नाहीत?"

"रेमी म्हणाला, केस चालू आहे, बोललीस तर कंपनी गोत्यात येईल. सहाचा फोन मी त्याच्याच सांगण्यावरून केला, आणि मग तोच म्हणाला, ती दुपारी येऊन चिठ्ठी टाकून गेली, माझ्यावर भडकलीय. मला शिव्या देऊन गेली म्हणे." नोएलाने नाक पुसलं. "पन्नास वर्षांत तिने मला शिवी दिली नव्हती. मग मीही म्हटलं, असेल बाई."

"ती गेली तेव्हा तुम्ही समोर नव्हतात?"

"नाही."

"पण तुम्ही लिहिलंत की तिने तुमच्या देखत सही केली."

"मी? कुठे?"

ग्वेनने कंपनीचं उत्तर तिच्यासमोर ठेवलं. संगणकावरून पाठवलेलं, वर नोएलाचं पूर्ण नाव, पाठवल्याची वेळ बारा फेब्रुवारी, सकाळचे अकरा. नोएलाने ते दोनदा वाचलं. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

"हे मी नाही लिहिलं."

"नाव तुमचं आहे. पासवर्ड तुमचा आहे."

"पासवर्ड या टेबलाच्या काचेखाली चिकटवलाय, सगळ्या ऑफिसाला दिसतो!" नोएलाचा आवाज चढला आणि तिने चटकन तोंडावर हात ठेवला. मग तिने पर्समधून एक कार्ड काढलं आणि टेबलाखालून ग्वेनच्या हातात सरकवलं. डोळ्यांच्या इस्पितळाचं कार्ड होतं ते. अकरा फेब्रुवारीला मोतीबिंदूचं ऑपरेशन, बाराला सकाळी साडेदहाला पट्टी सोडणं. इस्पितळ बँगोरमध्ये, इथून साडेतीन तासांवर.

"माझ्या एका डोळ्यावर पट्टी आणि दुसऱ्याला धूसर," ती कुजबुजली. "मला त्या दिवशी स्वतःचं नाव वाचता येत नव्हतं. लिहू काय कपाळ?"

पलीकडे रेमीने फोन खाली ठेवला होता. तो काचेला टेकून त्या दोघींकडे बघत होता, आणि आता तो हसत नव्हता.

४

कारखान्यात शिरण्याआधी ग्वेनला केसांवर जाळी चढवावी लागली आणि तिचं पेन दाराशी ठेवावं लागलं.

"आत बाहेरचं पेन चालत नाही," पाळीप्रमुख ड्वेन पेल्की म्हणाला. जाडजूड, घामाघूम, यंत्रांच्या गोंगाटात ओरडून बोलायची सवय लागलेला माणूस. त्याच्या हातातल्या, कागद अडकवायच्या पाटीला साखळीने एक जाड निळं पेन बांधलं होतं. "हे खास आहे. तुकडा तुटून बटाट्यात पडला तर यंत्राला कळतं. सगळ्या मजल्यावर हेच वापरतात."

ग्वेनने त्याच पेनाने पाटीवर एक रेघ ओढली. फिकट, आकाशी शाई. पत्रावरची सही अशाच शाईची होती. वर ऑफिसात तिने पाहिलेलं प्रत्येक पेन काळं होतं.

म्हणजे ओडेटने सही वर ऑफिसात केलेली नव्हती. ती इथे केली होती.

जेवणाच्या खोलीत जरा शांतता होती. भिंतीवर एक फिकट चौकोन दिसत होता, चार कोपऱ्यांना चार खिळे.

"इथे काय होतं?"

"तुमचाच कागद. काम गेलं तर भत्त्यासाठी कुठे अर्ज करायचा, तो. जानेवारीत काढला, रंग द्यायचा म्हणून."

"तो लावलेला असणं सक्तीचं आहे. आणि रंग दिला?"

"कुठला रंग!" ड्वेनने खुर्ची ओढली. "बाई, मला यात गोवू नका. ओडेटचं माझ्याकडून काही वाईट झालेलं नाही. माझ्या बायकोच्या आजारपणात महिनाभर तिने डबे पाठवलेत."

"तर मग एवढंच सांगा. या पेनाने ओडेटने शेवटची सही कशावर केली?"

ड्वेनने डोकं खाजवलं. "बिल्ल्यासाठी. जानेवारीत नवे बिल्ले करायचे होते. वरून चिठ्ठी आली, सगळ्यांच्या सह्या कोऱ्या कागदावर घ्या, खाली उजव्या कोपऱ्यात, मशीन तेवढंच उचलतं. मी सुट्टीत सगळ्यांना उभं करून घेतल्या. हातमोजे काढायचे, सही करायची, पुन्हा कामाला."

"तेलकट हातांनी."

"मग? इथे काय अत्तराचे हात असतात?"

ग्वेनची नजर त्याच्या छातीवर गेली. नवाकोरा बिल्ला. फोटो, नाव, क्रमांक.

"मिस्टर पेल्की, तुमच्या बिल्ल्यावर सही कुठे आहे?"

ड्वेनने बिल्ला उलटा केला, सुलटा केला. मग तो उठून दारात गेला आणि पट्ट्यापाशी उभ्या असलेल्या बायकांच्या बिल्ल्यांकडे एकेक करून बघत राहिला. परत येऊन त्याने बिल्ला टेबलावर ठेवला.

"कोणाच्याच नाही."

"चिठ्ठी कोणाची होती?"

"नाव नव्हतं. वरून आलेलं आम्ही विचारत नाही." त्याने पाटीवरच्या कागदांची चळत उलटली आणि तळातला एक चिटोरा काढला. तीन ओळी छापलेल्या. शेवटी, '१३/०१ पर्यंत ऑफिसात आणून द्या.'

ग्वेनने चिटोऱ्याकडे पाहिलं. मग मान खाली करून आपल्या कोटावर अडकवलेल्या पासाकडे पाहिलं. मग पाकिटातलं पत्र बाहेर काढलं. सुनावणीच्या कागदपत्रांतल्या प्रतीवर पत्राच्या तारखेभोवती तिच्या आधीच्या कोणीतरी पेन्सिलीने गोल काढून प्रश्नचिन्ह केलं होतं. छपाईतली चूक समजून तीही तिथून पुढे गेली होती.

"किती जणांच्या सह्या घेतल्यात?"

"तेवीस. म्हणजे माझी धरून." ड्वेनने मनाशी हिशेब केला. "ओडेटचा कागद तुमच्याकडे आहे. मग बाकीचे बावीस कुठे आहेत?"

५

रोलंड हॅस्केलच्या खोलीत चौघं बसली. ग्वेन उभी राहिली. तिला बसून बोलायला आवडत नसे.

"ओडेट मिशोने राजीनामा दिलेला नाही," ती म्हणाली. "तिने जानेवारीत कोऱ्या कागदावर बिल्ल्यासाठी सही केली. त्या कागदाला तिच्या अंगठ्याचं तेल लागलं. पत्र त्यावर मागाहून छापलं, म्हणून तेलावरची अक्षरं सुटली. कोणी छापलं, एवढंच आता बघायचं."

"सह्या ड्वेनने घेतल्या," रेमी शांतपणे म्हणाला. "उत्तर नोएलाने पाठवलं. मला वाटतं यांना विचारा."

"नोएला त्या वेळी बँगोरच्या इस्पितळात होती, डोळ्याची पट्टी सोडवायला. ड्वेनचं म्हणाल, तर त्याने सह्यांबद्दल स्वतःहून सांगितलं. त्याचाच डाव असता तर तो गप्प बसला असता आणि मी हात हलवत परत गेले असते."

"मग काय, मी?" म्हातारा कडाडला.

"तुम्ही याच गावच्या शाळेत शिकलात ना, मिस्टर हॅस्केल? आज तारीख काय, ती या कागदावर आकड्यांत लिहा. नोएला, तुम्हीही. ड्वेन, तुम्हीही."

तिघांनी गोंधळून लिहिलं. तिन्ही कागदांवर एकच: ०३/१८. ग्वेनने ते ओळीने मांडले, शेजारी आपला पास ठेवला. १८/०३.

"आपण इथे महिना आधी लिहितो, दिवस नंतर. लहानपणापासून हाताला तेच वळण. नदीपलीकडे पुष्कळ जण दिवस आधी लिहितात. हा पास लिहिला रेमीने. सह्या मागवणाऱ्या चिठ्ठीवर आहे १३/०१. आपल्या हिशेबाने तेरावा महिना होतो तो." तिने राजीनामा सगळ्यांत शेवटी ठेवला. "आणि यावर आहे ०३/०२. आपल्या वाचण्याने दोन मार्च. पण हे पत्र आमच्याकडे पोचलं बारा फेब्रुवारीला. दोन मार्च उजाडायच्या अठरा दिवस आधी ओडेटने दोन मार्चचा राजीनामा कसा दिला? ज्याने पत्र लिहिलं त्याला म्हणायचं होतं, तीन फेब्रुवारी. या इमारतीत तसं लिहिणारा माणूस एकच आहे."

रेमीने खांदे उडवले, पण त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "तारखेवरून माणूस पकडायचा? कोर्टात हसतील तुम्हाला."

"हसू देत. तुमचं कपाट उघडा, मग मीही हसेन."

"त्याला वॉरंट लागतं."

"मला नाही लागत," रोलंड हॅस्केल म्हणाला. "इमारत माझी आहे."

म्हातारा उठला. किल्ल्यांचा जुडगा त्याच्या हातात खुळखुळत होता. जावयाच्या खोलीपर्यंतची दहा पावलं चालायला त्याला फार वेळ लागला. दुसऱ्या खणात तपकिरी पाकीट होतं. पाकिटात बावीस कागद. दहा अजून कोरे, खाली फक्त सही. बारांवर मजकूर छापून तयार होता, शब्दाला शब्द ओडेटच्या पत्रासारखा. तारीख पडली होती, ३०/०४.

वरून दुसरा कागद ड्वेनचा होता. त्याने तो उचलून स्वतःच्या सहीवर अंगठा फिरवला.

"तीस एप्रिल," रोलंड म्हणाला. "सह्यांचा दिवस. रेमी, तू म्हणालास ते कारखाना चालू ठेवणार."

"ते यंत्रं नेणार आहेत," रेमी अखेर म्हणाला. त्याचा आवाज कंटाळल्यासारखा होता. "आधीपासून तेच ठरलं होतं. कारखाना घेणाऱ्याला कराचा जुना दरही घ्यावा लागतो, आणि इथला चढलेला दर या राज्यातल्या त्यांच्या दुसऱ्या कारखान्यालाही लागतो. त्यांना स्वच्छ पाटी हवी होती. तेवीस जणांनी भत्ता मागितला असता तर सौदा मोडला असता. ओडेटवर मी आधी प्रयोग करून पाहिला. चालला असता."

"ही माणसं मला लग्नाला बोलावतात," म्हातारा म्हणाला. "मयताला खांदा द्यायला बोलावतात."

त्याने पाकीट ग्वेनच्या हातात दिलं. मग कोणाला काही न सांगता तो जिना उतरून खाली गेला. त्याने स्वतःच्या हाताने मुख्य कळ खाली ओढली. पट्टा थांबला. तीस वर्षांत दिवसाढवळ्या तो असा थांबला नव्हता. जाळ्या घातलेली डोकी एकेक करून वळली, आणि रोलंड हॅस्केल एका उलट्या क्रेटवर उभा राहून आपल्या कामगारांना सगळं खरं सांगू लागला.

वर जिन्याच्या कठड्याला धरून नोएला रडत होती आणि हसतही होती. "मी तिला काय काय म्हटलं मनातल्या मनात," ती ग्वेनला म्हणाली. "देवा! आणि तिने मला काय म्हटलं असेल?"

६

शुक्रवारची सुनावणी फोनवर होती आणि ती अकरा मिनिटांत आटोपली. कंपनीने आपलं उत्तर मागे घेतलं. रोलंड हॅस्केलने लेखी कळवलं की ओडेट मिशोला कामाअभावी कमी केलं, तिची काही चूक नाही. ग्वेनने पत्र, पास, चिटोरा आणि बावीस कागद नोंदवले. रेमी कॉर्मिएचं पुढचं प्रकरण आता राज्याच्या वकिलाकडे होतं; तो दोन दिवसांपूर्वीच वकील करून घरात बसला होता.

आयडाहोचा सौदा बारगळला. कारखाना चालेल की बंद पडेल, कोणालाच सांगता येत नव्हतं. रोलंड शेतकऱ्यांच्या सहकारी संघाशी बोलत होता. पण बंद पडला तरी प्रत्येकाच्या हातात खऱ्या कारणाची चिठ्ठी पडेल, एवढं ड्वेनने त्याच्याकडून सगळ्यांसमोर वदवून घेतलं होतं. जेवणाच्या खोलीतल्या चार खिळ्यांवर कागद पुन्हा लागला होता.

निकाल टपालाने जायला आठवडा लागणार होता. नियमाप्रमाणे ग्वेनने थांबायला हवं होतं. ती थांबली नाही. ऑफिसातून निघायच्या आधी तिने ओडेटचा नंबर फिरवला.

"मिशोबाई, तुमचा भत्ता मंजूर झाला. पहिल्या आठवड्यापासूनचा. आणि खोट्या अर्जाचा ठपका काढलाय, कागदावरून पूर्ण खोडलाय."

पलीकडे काहीच आवाज आला नाही. ग्वेनला पंचवीस वर्षांपूर्वी आपल्याला आलेलं भत्त्याच्या मंजुरीचं पाकीट आठवलं. ते उघडून ती बर्फात तशीच उभी राहिली होती, हातमोजे घालायचं विसरून. तिने घाई केली नाही. अशा वेळी माणसाला थोडा वेळ लागतो.

"म्हणजे," ओडेट अखेर म्हणाली, "घर विकायला नको."

"नको."

"आणि मी खोटारडी नाही."

"कधीच नव्हतात."

मग फोनच्या पलीकडून, जरा लांबून, भांड्यांच्या खणखणाटातून दुसऱ्या एका बाईचा अधीर आवाज आला:

"अगं, रडतेस काय नुसती! काय म्हणाल्या ते सांग ना मला!"

"थांब गं नोएला," ओडेट म्हणाली, "जरा थांब," आणि दोघी एकदम बोलू लागल्या, एकमेकींचं काही न ऐकता, इतक्या जोरात की ग्वेनला रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला. ती हसली. मग त्यांच्या लक्षातही येणार नाही अशा बेताने तिने फोन हळूच खाली ठेवला.